तिकीट खरं, पण कुणाचं?

मस्कतहून येऊन मला महिना झाला. देवरुखात जो भेटतो तो विचारतो, "काकू, काय काय बघितलंत?" मी किल्ले सांगते, मोठी मशीद सांगते, समुद्र सांगते. ऐकणाऱ्याचं समाधान होतं आणि तो पुढे जातो. पण खरं सांगायचं तर त्या सगळ्या मुक्कामातले चार दिवस मी तिकिटं शोधत हिंडले, आणि मला तेच जास्त आठवतंय. ज्यांच्या लेकी-सुना तिकडे आहेत आणि ज्यांना कधीतरी असं हिंडावं लागेल, त्यांच्यासाठी लिहून ठेवते. मला स्वतःला त्यातलं किती कळलं, ते मात्र विचारू नका.

अल हैल

माझी लेक मंजिरी अल हैलला राहते. मस्कत म्हणायचं, पण विमानतळावरून शहराकडे न जाता उलट्या दिशेला गेलं की हे येतं. घरं सगळी पांढरी नाहीतर फिक्या मातीच्या रंगाची, आणि दहा मिनिटं चालत गेलं की समुद्र. आपल्या समुद्रासारखा तो आवाज करत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं भरती-ओहोटी नसावीच. सकाळी कोळी होड्या वाळूवर ओढून घेतात आणि मासे तिथेच विकतात, तेवढं मात्र आपल्यासारखं.

जावई प्रसादराव एका बांधकामाच्या कंपनीत हिशेबनीस. मी गेले त्याच महिन्यात कंपनीचं मोठं काम बंद पडलं, आणि मार्चअखेर इराची शाळा संपली की सगळ्यांनी पुण्याला परत जायचं ठरलं. घरात खोके येऊन पडले होते. प्रसादराव मुळात कमी बोलणारे, ते आणखी कमी बोलायला लागले.

इरा माझी नात, नऊ वर्षांची. तिला वडिलांनी पहिलीत असताना कबूल केलं होतं की दुबईतल्या त्या मोठ्या पार्कात नेईन. पाळणे, पाण्यातून धावणाऱ्या गाड्या, काय काय असतं म्हणे. पहिलीचं दुसरीवर गेलं, दुसरीचं तिसरीवर. आता चौथी संपत आली आणि देशच सुटणार. एकदा पुण्याला गेलं की दुबई गाडीने जाण्यासारखी राहत नाही, हे तिला बरोबर कळत होतं. हट्ट करत नव्हती. फक्त खोक्यांत स्वतःची पुस्तकं भरताना विचारायची, "बाबा, मग डन आहे ना आपलं?"

प्रसादरावांनी मला एकदा चहा पिताना सांगितलं, "आई, पूर्ण दरानं चार तिकिटं आत्ता जमणार नाहीत. सवलतीत मिळाली तर जाऊ. पण ती सरळ पाहिजेत. गेटवर उभं राहून कुणी तिच्यासमोर मला परत पाठवलं, तर ते मला ह्या महिन्यात सोसणार नाही."

एवढं बोलून ते कप विसळायला गेले. मी म्हटलं, तिकिटाचं मी बघते. का म्हटलं देव जाणे. मला दुबई कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नव्हतं.

इराने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि दर वाचून दाखवले. मी कागदावर लिहून घेत होते. तारखेचं तिकीट वेगळं, बिनतारखेचं वेगळं. एका पार्काचं, दोन पार्कांचं, जेवणासकट, हॉटेलसकट, वर्षभराचं. वर्षभराचं तिकीट तीन दिवसांच्या तिकिटापेक्षा थोडंसंच महाग, हे कसं ते मला आजही कळलेलं नाही. शेवटी एक 'रहिवाशांसाठी' म्हणून होतं, बरंच स्वस्त. मी म्हटलं, "मग झालं की. तुम्ही रहिवासीच आहात."

"आजी, ते तिकडचे रेसिडेंट. आपण इकडचे," इरा म्हणाली.

"पण खाली आखाती देशांचे रहिवासी असंही लिहिलंय म्हणतेस ना?"

"हो, पण तो रेट दुसऱ्या पेजवर आहे. आणि ते पेज ओपन होत नाही."

मी विचारलं, ह्यातलं नुसतं आत जाण्याचं तिकीट कुठलं? तिने बराच वेळ पडदा वरखाली केला आणि म्हणाली, "तेच तर कळत नाही." नऊ वर्षांच्या मुलीला कळत नाही म्हटल्यावर मला जरा धीर आला.

रुवी

मंजिरीच्या ओळखीतल्या एका बाईने सांगितलं की मस्कतच्या जुन्या बाजारभागात, रुवीत, दळवी म्हणून आहेत, त्यांच्याकडे निम्म्या दरात मिळतात. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी टॅक्सीने रुवीला गेलो. टॅक्सीवाला ओमानी, पांढरा झगा, डोक्याला नक्षीची टोपी. मंजिरीने त्याला विचारलं, अर्ध्या तासात पोचू का? तो म्हणाला, "इन्शाल्ला." म्हणजे हो की नाही, ते मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, पोचल्यावर कळतं.

रुवीत उतरल्यावर मला आपल्या रत्नागिरीच्या बाजारात उतरल्यासारखं वाटलं, फक्त वर ऊन जास्त आणि खाली कचरा नाही. पैसे पाठवायच्या दुकानांसमोर रांगा, सोन्याची दुकानं, इडलीचा वास, कानावर हिंदी, मल्याळी, मधूनच मराठी. एका टपरीवर घट्ट गोड चहा घेतला. त्याला करक म्हणतात. आपण दूध घालून उकळतो तसाच, पण ते लोक तो एवढा उकळतात की चमचा उभा राहावा.

दळवी एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत राहत होते, चार माणसांत मिळून. पन्नाशीचा माणूस, कुठल्याशा कंपनीत स्टोअरकीपर. दार उघडल्याबरोबर मी माझ्या सवयीने विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"साखरपा."

झालं. साखरपा म्हणजे आमच्या तालुक्यातलंच. मग बाजारपेठेतलं कुठलं घर, अमक्याच्या मुलीचं सासर कुठलं, देवरुखात आमच्या ह्यांना ते ओळखत होते का, असा तास गेला. ते ओळखत होते. ह्यांच्या दुकानातून त्यांनी शाळेत असताना छत्री दुरुस्त करून नेली होती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी आम्हाला वांग्याचं भरीत आणि भाकरी जेवायला घातली, भाकरी त्यांनी स्वतः थापली होती. निघताना एका पाकिटातून चार तिकिटं काढून हातावर ठेवली. मी पर्स उघडली तर म्हणाले, "राहू द्या हो काकी. आधी जाऊन या, मग द्या. गावची माणसं तुम्ही, पळून कुठं जाताय?"

पुढचं काही विचारायची मला गरजच वाटली नाही. बाहेरगावी आपल्या तालुक्याचं माणूस भेटलं की आपण पुढचं विचारत नाही. विचारलं तर त्याला काय वाटेल, असं वाटतं. मंजिरीने तिकिटं उलटून बघायला घेतली तेव्हा मीच तिला डोळ्यांनी दटावलं.

संध्याकाळी मी तिकिटं टेबलावर मांडली आणि प्रसादरावांना हाक मारली. ते यायच्या आधी इरा आली. तिने एक तिकीट उचललं आणि विचारलं, "आजी, हे मॅथ्यू अंकल कोण?"

प्रत्येक तिकिटावर बारीक अक्षरात कुणाकुणाचं नाव होतं. मॅथ्यू, आणखी कुणी रहमान, आणखी दोन. तीन दिवसांची तिकिटं होती, त्यातला एकेक दिवस वापरून झालेला. आणि खाली लिहिलं होतं की हे दुसऱ्याला देता येत नाही, गेटवर ओळखपत्र बघतात.

मी म्हटलं, "म्हणजे खोटी?"

"खोटी नाहीत, आई," प्रसादराव म्हणाले. "अगदी खरी आहेत. आपली नाहीत."

मला हे उमजेना. एसटीचं तिकीट ज्याच्या हातात असेल तो बसतो. जत्रेतल्या पाळण्याचं तर तिकीटच नसतं, पाळणेवाल्याच्या हातावर पैसे ठेवायचे. वस्तू खरी आहे, पैसे कुणीतरी भरलेत, दोन दिवस शिल्लक आहेत, मग ते दिवस गेले कुठे? ते मॅथ्यू तर आता येणार नाहीत. मी हे सगळं विचारत राहिले.  प्रसादराव उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले, आणि इराने तिकिटं एकावर एक रचून पाकिटात परत घातली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

परत रुवी

रात्रभर मला हाच घोर की दळव्यांना तिकिटं परत कशी करायची. ज्या माणसाने हातची भाकरी वाढली त्याला तुमचा माल चालत नाही म्हणून कसं सांगायचं? शेवटी घरून आणलेल्या आमसुलांची पिशवी घेतली आणि मंजिरीला घेऊन पुन्हा गेले. आधी आमसुलं दिली, मग तब्येत विचारली, मग पाकीट पुढे केलं.

दळव्यांना एका क्षणात कळलं. चेहरा उतरला. म्हणाले, त्यांच्या कंपनीतल्या चौघांनी तीन दिवसांची तिकिटं काढली, एका दिवसात कंटाळले, आणि उरलेली दळव्यांकडे विकायला दिली. नावाचा एवढा बाऊ असतो हे त्यांना माहीतच नव्हतं.

"तुम्ही कधी गेला नाहीत तिकडे?" मी विचारलं.

"मी कुठला जातोय काकी. चौदा वर्षं झाली इथं. दुबई एकदा बघितली, विमान बदलताना. काचेतून."

मग त्यांनीच शर्ट बदलला आणि म्हणाले, चला, तुम्हाला बरोबर जागी नेतो. दोन गल्ल्या पलीकडे इकबालभाईंचं प्रवासाच्या तिकिटांचं दुकान होतं. हे हर्णैचे, वडिलांपासून इथे. दळव्यांनी आमची ओळख करून दिली आणि स्वतः बाहेर पायरीवर उभे राहिले, आत आले नाहीत.

मी पुन्हा तोच प्रश्न विचारला, गाव कुठलं. इकबालभाई म्हणाले, "हर्णै. काकी, पासपोर्ट आनलाव काय?"

बस. एवढंच. ना हर्णैच्या बंदराबद्दल बोलले, ना माशांबद्दल. माणसं किती, मुलीचं वय काय, उंची किती, इथे राहायची कार्डं कुणाकुणाची, कार्डाची मुदत कधीपर्यंत, कंपनी कुठली, कुठल्या तारखेला जायचं, कुठून सीमा ओलांडणार. मला राग यायला लागला. तिकीट मागितलंय, मुलगी नाही मागितली. सवलत मिळेल का एवढं सांगा, मी म्हटलं, आणि पर्समधून माझं एसटीचं ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. अर्ध्या तिकिटाचं.

त्यांनी ते दोन्ही बाजूंनी नीट बघितलं, फोटोशी माझा चेहराही ताडून बघितला आणि दोन्ही हातांनी परत दिलं.

"काकी, ह्यो कार्ड लय भारी हाय. पन देवरुख डेपोत."

मंजिरी तोंडावर ओढणी धरून हसली. मलाही हसू आलं, आणि तिथून आमचं जमलं.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि जेवढं माझ्या डोक्यात शिरलं तेवढं इथे लिहिते. सवलतीचं तिकीट सरळ आहे का हे बघायचं तर आधी पार्काच्या स्वतःच्या यादीत त्या विकणाऱ्याचं नाव आहे का ते बघायचं. त्यांनी यादी उघडून स्वतःच्या दुकानाचं नाव मंजिरीला दाखवलं, तिच्याच फोनवर, स्वतःच्या नाही. दुसरं, तिकिटावर जाणाऱ्याचं नाव पाहिजे. तिसरं, शिक्क्याची पावती पाहिजे. आणि जो काहीच विचारत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही. हे शेवटचं सांगताना त्यांनी आवाज खाली आणला, कारण दळवी पायरीवर होते.

ते रहिवाशांचं कोडं त्यांनी दुबईला फोन लावून सोडवलं. रहिवाशांचे दर दोन होते. एक तिथल्यांसाठी, तो आपल्याला नाही. दुसरा आखाती देशांच्या रहिवाशांसाठी, तो प्रसादराव, मंजिरी आणि इराला बसत होता, कार्डं अजून चालू होती म्हणून. पाऊण दरापर्यंत यायचं. निम्मं नाही, पण सरळ. त्या तिघांचा तिकडचा व्हिसाही तेच काढून देणार होते. होईल ना वेळेत, मी विचारलं. "इन्शाल्ला," ते म्हणाले. ह्या वेळी तो हो असावा.

"आणि माझं चौथं?" मी म्हटलं. "मला पूर्ण दर लागला तरी लागू दे, माझ्या पैशातून भरते. मी नातीबरोबर बसणार आहे पाळण्यात. तिला कबूल केलंय."

इकबालभाईंनी माझा पासपोर्ट उघडा धरला होता. तो त्यांनी हळूच मिटला.

"काकी, तुमचा व्हिसा एकदाच आत येयाचा हाय. सीमा ओलांडलाव का तो खलास. परत आत येताना नवीन लागंल, आनी तो हप्त्यात होयाचा नाय."

मी मंजिरीकडे बघितलं. तिच्या लक्षात नव्हतं. प्रसादरावांच्याही नव्हतं, ते एवढ्या बाकीच्या कागदांत बुडालेले. म्हणजे मी गेले असते तर पार्क बघून तिथूनच मुंबईचं विमान, आणि माझी बॅग अल हैलला. मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही नीट कळत नाही की ज्या देशात मला राहायला परवानगी आहे, त्या देशातून दोन दिवस बाहेर जाऊन आले तर ती परवानगी कुणाला टोचते. पण इकबालभाई उगीच बोलणाऱ्यातले नव्हते. मी म्हटलं, तीन द्या.

घरी प्रसादरावांनी तिकिटं हातात घेतली. तिन्ही तिकिटांवरची नावं वाचली, स्वतःचं दोनदा. मग म्हणाले, "चालेल, आई."

इरा मात्र म्हणाली, "पण तू बोलली होतीस." तिची समजूत काढायला मला मराठी अपुरं पडलं आणि इंग्रजी येत नाही. व्हिसा म्हणजे काय ते नऊ वर्षांच्या मुलीला मी काय सांगणार, मलाच दुपारी कळलेलं. शेवटी तीच म्हणाली, "मग तू बॉर्डरपर्यंत ये. तिकडे वेट कर."

आम्ही सगळे हसलो. आणि नंतर तसंच झालं.

सोहार

माझ्या दिराचा मुलगा संजू सोहारला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात टेक्निशियन आहे. सोहार सीमेच्या वाटेवरच. तेव्हा ठरलं असं की मला त्याच्याकडे ठेवायचं, तिघांनी पुढे जायचं आणि येताना मला उचलायचं.

गुरुवारी दुपारी निघालो. रस्ता सरळ, एका हाताला खजुराच्या बागा आणि त्यांच्यामागे कुठेतरी समुद्र, दुसऱ्या हाताला लांबवर उघडे करडे डोंगर. डोंगरावर झाड म्हणून नाही. आपल्याकडचा माणूस तसा डोंगर बघून आधी हळहळतो, मग तासाभराने त्याला त्यात रंग दिसायला लागतात. गावं सगळी मला एकच वाटली. प्रत्येक गावाला एक चौक, चौकात किल्ला नाहीतर चहाची मोठी किटली बांधलेली. दोनदा मी म्हटलं की इथून आपण मघाशी गेलो, आणि दोनदा इराने मला नकाशात दाखवलं की नाही. वाटेत एका ठिकाणी हलवा घेतला. नाव आपलं, पण तो चमच्याने हलतो, त्यात केशर आणि गुलाबपाणी, आणि तो कडू कॉफीबरोबर खायचा. कॉफी एवढीशी, बिनदुधाची, वेलचीची. दुकानदाराने पैसे घ्यायच्या आधी आम्हाला बसवून पाजली. मी पेला रिकामा केला की तो पुन्हा भरायचा. चार पेल्यांनंतर संकोच वाटून मी पेला हाताने झाकला. तेव्हा प्रसादराव म्हणाले, पेला हलवून परत दिला की पुरे असं समजतात. त्या आठवड्यात ते पहिल्यांदाच हसून बोलले.

संजूची बायको स्मिता. तिने सुरमईचं तिखलं केलं होतं. तिच्या गच्चीतून कारखान्यांची धुराडी दिसतात, आणि ती मला ती अशी दाखवत होती की हे ह्यांचं, हे बाजूच्यांच्या ह्यांचं.

शुक्रवारी सकाळी संजू मला आपल्या गाडीत घालून प्रसादरावांच्या गाडीमागून सीमेच्या अलीकडच्या शेवटच्या पेट्रोल पंपापर्यंत घेऊन गेला. इराने उतरून मला मिठी मारली आणि म्हणाली, "आजी, इथंच थांब हं." मग त्यांची गाडी रांगेत शिरली. तिकडे सगळ्या गाड्या पांढऱ्या. पाच मिनिटांत मला कळेना त्यांची कुठली. मी सगळ्यांनाच हात करत राहिले. एका गाडीतल्या बुरखेवाल्या बाईने मला उलट हात केला, तिच्या मुलांनीही केला, आणि मी त्यांना परत केला. संजू म्हणाला, "काकू, ते कोण?" मला काय माहीत कोण.

शनिवारी सकाळपासून मी फोन मांडीवर घेऊन बसले होते. यादी, नाव, शिक्का, सगळं बघून घेतलं होतं, तरी पुन्हा पुन्हा आठवून बघत होते. एकदा खऱ्या तिकिटावर फसले होते, दुसऱ्यांदा काय सांगावं. गेटवर कुणी म्हणालं की हे चालत नाही, तर? प्रसादरावांचा गॅलरीत उभा राहिलेला तो पाठमोरा सदरा मला दिसत होता. तिकडे व्हॉट्सअॅपवरून फोन लागत नाही, नुसते निरोप आणि व्हिडिओ येतात, त्यामुळे विचारायचीही सोय नाही. स्मिता दोनदा जेवायला वाढू का विचारून गेली.

साडेअकराला इराचा व्हिडिओ आला, एका मिनिटाचा. तिने फोन चालू करून बहुतेक हातात तसाच खाली धरला होता. आधी फरशी दिसली, मग इराचे बूट, मग प्रसादरावांचे, मग पुन्हा फरशी. गर्दीचा आवाज, कुठलंसं संगीत. एक बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली. प्रसादरावांचा आवाज आला, नाव सांगत होते, आधी स्वतःचं, मग मंजिरीचं, मग इराचं. यंत्र एकदा वाजलं. मग थोडा वेळ काहीच नाही. मग दुसऱ्यांदा वाजलं, मग तिसऱ्यांदा. बूट पळायला लागले आणि व्हिडिओ संपला.

मी तो पुन्हा लावला, आवाज मोजायला. तीनच होते.

स्मिता हात पुसत आली आणि म्हणाली, "आला ना व्हिडिओ? कसं आहे हो काकू पार्क?"

मी म्हटलं, "फरशी चांगली आहे. वाढ आता."